ढग वर जाऊन थांबतो कुठे, हे तात्यांना सांगणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, असं वाटतं. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्या वडिलांशी तुम्ही ज्या रीतीने बोललात ते चार लोकांना कळायलाच हवं.

आमचे तात्या निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. शाळा चौथीपर्यंत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिच्यात आमची काढणीला आलेली बाग गेली. घड जमिनीवर, उरलेल्या मण्यांना तडे, काड्यांची सालं सोललेली. त्या दुपारी चढून आलेला ढग तात्यांनी बांधावर उभं राहून पाहिला होता. तो वर वर गेला आणि एका उंचीला थांबून आडवा पसरला. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. एवढ्या जोरानं वर निघालेला ढग तिथंच का अडतो? वर तर मोकळं आभाळ आहे.

एका मेळाव्यात त्यांनी व्यासपीठावरच्या तज्ज्ञांना हे विचारलं. उत्तर आलं, "बाबा, फवारणीचं काही असेल तर विचारा." मंडपात हशा झाला आणि तात्या खाली बसले. एका कार्यालयात आम्हाला बराच वेळ बाकावर बसवून शेवटी सांगितलं, की पंचनाम्याशी याचा काही संबंध नाही. संबंध नाहीच, पण माणूस विचारतोय ना! आणि आमची शाळा? तपांबर, तपस्तब्धी, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर ही वातावरणातल्या थरांची नावं आमच्याकडून ओळीनं पाठ करून घेतली. पेपरात लिहिली, गुण मिळाले, विषय संपला. यातलंच एक नाव तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कुणी सांगितलं नाही. खिडकीबाहेरच्या ढगाकडे एकदा बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

मग तुम्ही भेटलात. कसे, कुणाच्या ओळखीने, ते जाऊ द्या.

हवामान खात्याने त्या दिवशी आभाळात सोडलेल्या फुग्याने पाठवलेल्या तापमानाच्या नोंदींचा आलेख तुम्ही टेबलावर पसरलात. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलणार. सगळे तसंच करतात. शिकलेल्या मुलीकडे बघून बोलतात आणि तात्या शेजारी नुसते बसून राहतात. तुम्ही खुर्ची उचलून तात्यांच्या बाजूला आलात. आलेखावरचे आकडे इंग्रजीत होते. त्यांची नजर तिथे अडखळलेली तुम्हाला दिसली असणार, कारण काही न बोलता तुम्ही खिशातली पेन्सिल काढली आणि एकेका आकड्याशेजारी मराठी आकडा लिहायला लागलात. ५, १०, १५, २०. जिथे उणे होतं तिथे अक्षरांत "शून्याखाली". सगळे आकडे लिहून होईपर्यंत तुम्ही समजवायला सुरुवात केली नाहीत. साहेब, माझ्या वडिलांसमोर आजवर कितीतरी कागद आले. सही करा, अंगठा द्या, इथे घ्या, तिथे द्या. त्यांना वाचता यावा म्हणून कुणी कागद बदलल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

मग तुम्ही तात्यांचंच बोट धरून त्या रेषेवरून वर नेलंत. ऊन आधी जमीन तापवतं आणि जमीन हवेला तापवते, म्हणून वर जावं तशी हवा गार होत जाते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी. "कळसूबाईवर गेलायत ना?" तुम्ही विचारलंत, आणि तात्या एकदम खुलले. १,६४६ मीटरवरचा तो वारा त्यांच्या अंगाला ठाऊक होता. तापलेली दमट हवा वर उठते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, तसं होताना उष्णता सुटते आणि ती उष्णता ढगाला आणखी वर रेटते. चार-साडेचार किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. तिथे पाण्याचे काही थेंब गोठायचे राहतात, बर्फाच्या कणावर आदळले की त्याला चिकटून गोठतात, आणि वर चढणारा झोत पेलेल तोवर गार वाढत राहते. तात्या मध्येच म्हणाले, "म्हणजे गार मोठी, तर खालचा रेटाही मोठा." तुम्ही म्हणालात, "बरोबर." त्या एका शब्दाने त्यांची पाठ ताठ झाली.

बोट १६ आणि १७ किलोमीटरच्या मध्ये पोचलं तेव्हा तुम्ही ते थांबवलंत. तिथे शून्याखाली ७५ अंशांच्या आसपास गेलेली रेषा उलटी वळली होती. शाळेत पाठ केलेली तपस्तब्धी ती हीच. त्याच्या वर हवा गार होण्याऐवजी पुन्हा ऊन होत जाते, कारण वरचा ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो. ५० किलोमीटरवर तर तापमान परत शून्याजवळ येतं. ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा ऊन असेल तोवरच चढते. त्या वळणापाशी ती भोवतालापेक्षा गार आणि जड ठरते. मग चुलीचा धूर पत्र्याला लागून पसरावा तसा ढग आडवा होतो. तात्या बराच वेळ त्या वळणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग ते छप्पर ऊन हवेचंच आहे की." मला शाळेत जे कधी कळलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं.

तेसराँ द बोर या फ्रेंच संशोधकाची गोष्टही तुम्ही त्यांना सांगितलीत. त्याचे फुगे ११ किलोमीटरच्या आसपास गेले की तापमान उतरायचं थांबायचं. तिकडे हे छप्पर आपल्यापेक्षा बरंच खाली असतं, आणि ध्रुवांकडे तर जेमतेम ८-९ किलोमीटरवर. त्याला वाटलं, उन्हानं उपकरण तापत असेल. म्हणून त्याने रात्री फुगे सोडले. २०० हून जास्त फुगे सोडून खात्री पटल्यावर, १९०२ मध्ये, त्याने जगाला सांगितलं. तात्यांना हा माणूस फार आवडला. "घाई केली नाही त्यानं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आणि मला तुम्ही भारतीय हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणींबद्दल सांगितलंत. हवेतला ओझोन मोजायचं भारतीय उपकरण त्यांच्या पुढाकाराने तयार झालं. मलाही या विषयात जागा आहे, असं मला ते ऐकून वाटलं.

हवामान खात्याला नावं ठेवणं आपल्याकडे फार सोपं झालंय. अंदाज चुकला की सगळे बोलतात. पण जगभर एकाच वेळी, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, माणसं फुगे सोडतात. बाहेरचा दाब कमी होत जातो तसा फुगा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. पुढच्या वेळेला पुन्हा नवा. सणवार असो, मुसळधार पाऊस असो, नोंद सहसा चुकत नाही. असं रोजचं काम निष्ठेनं करणारी माणसंच दुसऱ्याच्या प्रश्नाला वेळ देतात, असं मला आता वाटतं. विद्वान पुष्कळ भेटतात. समोरच्याला लाज वाटू न देता शिकवणारा माणूस भेटला की त्याचे पाय धरावेसे वाटतात.

निघताना तुम्ही तात्यांच्या फोनवर वीज पडण्याची सूचना देणारं 'दामिनी' हे अ‍ॅप घालून दिलंत. यंदा एप्रिलमध्ये सपाट डोक्याचा ढग दिसताच तात्यांनी शेतातल्या बायकांना झाडाखालून उठवून घरात बसवलं. कुणी कुरकुर केली, तर खिशातून तो तुमच्या पेन्सिलीचा कागद काढून दाखवला. आता त्याच्या घड्या फाटायला आल्यात, म्हणून मी त्याला मागून कापड चिकटवलंय.

त्यांचा पुढचा प्रश्न तयार आहे. डिसेंबरात आमच्याकडे पारा खूप खाली जातो, तेव्हा ओढ्याकाठची खोलगट बाग गारठते आणि टेकाडावरची बचावते. वर जावं तशी हवा गार होते असं तुम्ही सांगितलंत, मग इथे उलटं कसं? मी उत्तर शोधून देते म्हटलं, तर नको म्हणाले. साहेबांनाच विचारायचंय. छाटणीची कामं आटोपली की आम्ही दोघं येऊ. तुम्हाला सोयीचा दिवस तेवढा कळवा.

आपली,
तात्यांची मुलगी