झीज आणि बिघाड

ठाणे, रविवार रात्र

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी ओरडायचं, अण्णांनी "हां, हां" म्हणायचं आणि फोन आईकडे द्यायचा. म्हणून लिहितेय. काळ्या पेनने, जाड अक्षरात, एकेक ओळ सोडून. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि बाहुलीही पूर्वीइतकी उघडत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याचा साधारण तिसरा हिस्साच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. तुमची तर साठी मागे पडून किती वर्षं झाली. तरी गेल्या दिवाळीत मी आईला म्हणाले होते, "भरदिवसा ट्यूब कशाला? बिल वर आलंय का?" ते बोलणं मागे घेते.

मागे घ्यायचं आणखीही बरंच आहे.

आमटीपासून सुरू करते. दोनेक वर्षांपूर्वी आई, तुझी आमटी खारट व्हायला लागली. जिभेची चव मंदावते आणि नाकाचा वास त्याहून जास्त, त्यामुळे तुला ती अळणीच लागायची आणि तू चिमूटभर जादा टाकायचीस. तुझ्या लेखी आमटी तीच होती. मी मात्र पाहुण्यांसमोर वाटी बाजूला सरकवली. मग तुझं बीपी निघालं, गोळी सुरू झाली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे येईल ते मी तुला पाठवत सुटले. मीठ बंद. रोज चार लिटर पाणी. तू लेकीचं ऐकलंस. मीठ तर सोडलंसच, जेवणही निम्म्यावर आणलंस. चहा, टोस्ट आणि बाटल्या भरभरून पाणी.

ती गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी होती. त्यात या वयात मूत्रपिंडाला जादा पाणी पूर्वीसारखं झटपट उपसता येत नाही. म्हणजे एका बाजूने मीठ जातंय, दुसऱ्या बाजूने वर पाणी ओततोय. हे सगळं मला आता कळतंय.

श्रावणातली ती रात्र अण्णांनी एकट्याने काढली. मी त्यांच्याकडून ऐकली, पण ऐकूनही डोळ्यांपुढून जात नाही. रात्री दोनला आई मशिनचं झाकण काढून बसलेली. दिवा नाही. हाताने चाक फिरवतेय, सुईत दोरा नाही, मशिनच्या पायाखाली उशीचा अभ्रा सरकवतेय. "बाही राहिलीय, सकाळी न्यायला येतील." शिवणकाम सोडून तुला पंधरा वर्षं झाली, आई.

अण्णांनी फोन केला तेव्हा मी काय म्हटलं? "वय झालंय तिचं. आता हे व्हायचंच." दोन दिवस मी तेच धरून बसले. मनातल्या मनात तुझा आजारही ठरवून टाकला होता. इथे जवळ कुठे वृद्धांना दिवसभर सांभाळतात का, त्याचे दर विचारून झाले होते, हेही आज सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी तोल जाऊन तू मोरीत बसलीस तेव्हा कुठे मी गाडी पकडली आणि रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठच, 116. असायला हवं 135 ते 145.

पुढचे चार दिवस सलाइन अगदी थेंबाथेंबाने. मला घाई, मी सारखी विचारतेय, आणि डॉक्टर सांगतायत की सोडियम भराभर वर नेलं तर मेंदूलाच इजा होते, धीर धरा. गोळी बदलली. पाणी मोजून. चौथ्या दिवशी सकाळी तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "ह्यांनी काय खाल्लं? आणि माझा चष्मा कुणी उचलला?" मी जिन्यात जाऊन रडून आले.

परतीच्या एसटीत अण्णा, तुमचं एक बोलणं आठवत राहिलं. लहानपणी तुम्ही डेपोतून आल्यावर सांगायचात की गाडीची झीज वेगळी आणि बिघाड वेगळा. ब्रेक लायनर झिजतात, ते चालवता चालवता पायाला कळत जातं. पण कालपर्यंत बरोबर लागणारा ब्रेक आज एकदम खाली गेला, तर ती झीज नव्हे, गाडी तिथेच उभी करायची. हेच मी आईला लावायला हवं होतं. नावं आठवायला दरवर्षी थोडा जास्त वेळ लागतो, ती झीज. परवापर्यंत दुधाचा हिशेब तोंडी करणारी बाई आज रात्री दोनला दोऱ्याशिवाय शिवायला बसते, तो बिघाड. सोडियम असेल, लघवीचा संसर्ग असेल, नवी गोळी असेल. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी तापसुद्धा येईलच असं नाही, नुसतं बोलणंच बिनसतं. तेव्हा दोन-चार दिवसांत काहीही एकदम बदललं, तर कुणालाही, अगदी मलाही, "वय झालं" म्हणू द्यायचं नाही.

आणि उलटही आहे. ज्याला मी तुमचा स्वभाव समजत आले, ती नुसती झीज निघाली.

अण्णांचे कानच घ्या. आई विचारते "ताक देऊ का?" आणि तुम्ही नाकाला हात लावता. आम्ही हसतो. मग मी म्हणते, यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. तसं नसतं. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, फ ही अक्षरं तिथेच असतात. आकार-ओकार ऐकू येतात, त्यांना धरून ठेवणारी व्यंजनं गळतात. म्हणून तुम्हाला आवाज येतो पण शब्द लागत नाही. बायकांचा आणि पोरांचा आवाज आधी हरवतो आणि गल्लीतल्या पाटलांचा घोगरा आवाज मात्र छान कळतो. आई, यात त्यांचा काही डाव नाही बरं. शिवाय डावा कान जास्त गेलाय. जुन्या गाड्यांना इंजिन पुढे असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, त्या बोनेटशेजारी तीस वर्षं काढलीत. तेव्हा उजव्या बाजूला बसून, तोंडाकडे बघत, सावकाश बोलायचं. ओरडून फक्त आकार-ओकार मोठे होतात.

कानाचं मशिन तुम्ही दोन दिवस लावून खणात टाकलंत, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून. तो जाणारच. इतकी वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत गेलेच नाहीत ते एकदम आले की त्याला काय करावं सुचत नाही. पहिल्या आठवड्यात तासभर, तेही घरात, भांडी घासायची वेळ सोडून. मग हळूहळू वाढवायचं. मी यावर हट्ट करणार आहे, आधीच सांगते.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. यंत्रावर तुम्ही अंगठा ठेवला, नाही जुळला. दुसरा ठेवला, तोही नाही. शर्टाला पुसून ठेवला, मग तोंडाची वाफ दिली. मागे रांग. तुम्ही हसून म्हणालात, "मी जिवंत आहे हे माझंच बोट कबूल करेना." सगळे हसले. मी तुमचा अंगठा हातात घेऊन पाहिला, स्टीअरिंगने घासून तेलकट कातड्यासारखा गुळगुळीत. कातडी कोरडी, पातळ होते, तिची ताण धरायची ताकद जाते आणि ठशाच्या रेघा बसून जातात. त्या पोराने मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं म्हणून ठीक. तुमच्या दंडावर धक्का न लागताही जांभळे डाग उमटतात, तेही त्याच पातळ कातडीचं. आईने त्यावरून मला फोन केला होता, "कुठे धडपडले ते सांगत नाहीत." नव्हतेच धडपडले. आणि सदरा लांब झालेला नाही, अण्णा. मणक्यांमधल्या गाद्या चपट्या होतात. शिंप्याला शिव्या देऊ नका.

डोक्याचं म्हणाल तर मला फारशी काळजी वाटत नाही. परवा काय भाजी खाल्ली ते तुम्हाला सांगता येत नाही. पण 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं, कोयनेचा भूकंप, तुम्ही अठरा वर्षांचे, गोठ्यातली म्हैस आधी ओरडली की आधी भिंत पडली, हे तुम्ही पाहुण्यांना असं सांगता की माणूस चहा प्यायचा विसरतो. उमेदीच्या वयातलं मेंदू असं कोरून ठेवतो. कराड-चिपळूणचे थांबे आजही तुम्ही एका दमात म्हणता, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, हेळवाक, घाट उतरून शिरगाव. फक्त मधेच कुणी काही विचारलं की गाडी अडते. एका वेळी दोन कामं जमत नाहीत, एवढंच. तेव्हा मधे बोलायची खोड आम्हीच सोडायची आहे.

पंच्याहत्तरी झाल्यापासून एसटीच्या फुकट, शून्याच्या तिकिटावर तुम्ही उगाच पाटणला जाऊन चहा पिऊन येता, त्यावर मी फार बोलले. आता बोलणार नाही. जा. पण लूना दिवेलागणीनंतर काढायची नाही. दिवसा गावात फिरवा. समोरच्या दिव्याने डोळे दिपले की म्हाताऱ्या डोळ्याला सावरायला वेळ लागतो, आणि ट्रकवाला तेवढा थांबत नाही. हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला सांगतेय.

रात्री उठताना एकदम उभं राहायचं नाही. पडल्या जागेवरून उठलं की रक्त पायाकडे धावतं आणि ते वर ढकलायला शरीर आता थोडा उशीर करतं. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करून लगेच गिअर टाकायचात का? मग. पलंगाच्या काठावर बसायचं, पाय हलवायचे, वीसपर्यंत मोजायचं. मोरीत धरायला दांडा बसवायला गवंडी मी सांगून ठेवलाय.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. सुईत दोरा ओवायची छोटी ओवणी मिळाली, ती आणते. मशिनला तेलपाणी करू. आमटी आई, तूच कर. मीठ डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, चमच्याने मोजून. मी चव बघेन आणि वाटी सरकवणार नाही.

तुमची,
बेबी

ता. क. आई, ती बाही कुणाच्या ब्लाऊजची होती? अण्णा म्हणतात तू जांभळा म्हणत होतीस. खरंच कुणाचा राहिला होता का? आठवलं तर आल्यावर सांग.