कनेक्शन बदलण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. महिनाअखेरीस तुझा ब्रॉडबँडचा करार संपतोय, नवी कंपनी तिप्पट स्पीडचा प्लॅन घेऊन मागे लागली आहे, आणि इकडे रोज रात्री लेकीशी बोलताना तिचा चेहरा मध्येच थिजतो. दिवसाकाठी तेवढीच वीस मिनिटं तुमची, त्यातली निम्मी “ऐकू येतंय का?” विचारण्यात जातात. वैताग येणारच. तरी नव्या कंपनीचा फॉर्म भरण्याआधी मला आठ दिवस दे.

मागच्या वेळी माझा करार संपला तेव्हा मी रागाच्या भरात कंपनी बदलली होती. नवा राउटर आला, तो जुन्याच जागी ठेवला, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तीच रड. प्लॅन 300 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 300 मेगाबिटचा, पण टेबलावरच्या कॉम्प्युटरला स्पीड 94 च्या वर जाईना. कंपनीचा माणूस दोनदा येऊन बघून गेला, त्याच्याकडचे आकडे दोन्ही वेळा व्यवस्थित. शेवटी एका रविवारी मी टेबलाखाली शिरलो आणि राउटरपासून कॉम्प्युटरला जाणारी जुनीच लॅनची केबल उपसून उजेडात धरली. तिच्या टोकाच्या पारदर्शक क्लिपमध्ये आठ तारा रांगेने बसवलेल्या असतात. त्यातली कडेची तपकिरी तार आतल्या पितळी दातापर्यंत पोचलेलीच नव्हती. 100 एमबीपीएसपर्यंत चारच तारांवर काम भागतं, त्याच्या पुढे जायला आठही लागतात. त्या जास्तीच्या चारांतली एक तार सुटली की यंत्रं आपसात ठरवून 100 वर उतरतात, आणि कुणाला काही सांगत नाहीत. केबल बदलली त्याच संध्याकाळी 290 च्या पुढे आकडा दिसला. म्हणजे ज्या कंपनीला मी सोडून आलो होतो, तिची चूक नव्हतीच. हे मला अजून लागतं, कारण तिथला तक्रार घेणारा मुलगा भला होता आणि मी त्याला बरंच बोललो होतो.

म्हणून सांगतो, आधी दुखणं घरातलं आहे की बाहेरचं ते शोध. वायफायवर स्पीड मोजू नकोस, त्यातून काहीच कळत नाही. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोड, घरातलं बाकी सगळं बंद कर, आणि सकाळी, संध्याकाळी आठ ते दहाच्या मध्ये आणि रात्री उशिरा असं रोज तीनदा मोजून वहीत लिही. तिन्ही वेळचे आकडे प्लॅनच्या जवळपास असतील, तर कंपनी तिचं काम करतेय, तुझं वायफाय अडखळतंय. सकाळी भरपूर आणि रात्री आठ-नऊला जेमतेम एक तृतीयांश, असं रोज दिसलं तर त्यांच्याकडची वाट अपुरी पडतेय, आणि मग बदलायला माझी पूर्ण संमती. फायबर असलं तरी ती तार एकट्या तुझी नसते. जीपॉन नावाच्या पद्धतीत साधारण अडीच गिगाबिटची एक वाट 32 किंवा 64 घरांत वाटली जाते, आणि तिथून पुढचा रस्ता कंपनीने किती रुंद ठेवलाय ते तिलाच माहीत. जाहिरातीतला आकडा तुझ्या घरापासून पहिल्या टप्प्यापर्यंतचा समज.

वायफायचं म्हणशील, तर तुझा राउटर लोखंडी कपाटामागे आहे हे माझ्या लक्षात आहे. तो बाहेर काढ, उंचावर ठेव. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल, म्हणजे लहरींच्या वाटा, तीनच, 1, 6 आणि 11, आणि तुझ्या इमारतीतली सगळी घरं त्यांच्यावरच गर्दी करतात. लेकीशी बोलताना राउटर असलेल्या खोलीत बस आणि 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क धर. ते भिंतींपलीकडे लवकर दमतं, पण त्याच खोलीत फार स्वच्छ चालतं.

आणखी एक गोष्ट, आणि मला तर तुझ्या कॉलच्या दुखण्याचं मूळ यातच दिसतं. व्हिडिओ कॉलला स्पीड फार लागत नाही, चार-पाच एमबीपीएस पुष्कळ झाले. त्याला लागतो तो विलंब कमी, ज्याला पिंग म्हणतात. माझाच करार आता पुन्हा संपत आलाय, म्हणून मी हे सगळं मोजलं. एरवी पिंग 12 मिलिसेकंद. पण आमच्या मोबाइलमधले फोटो बॅकअपला जायला लागले की तोच 350 वर! अपलोडची, म्हणजे घरातून बाहेर जाणारी, वाट भरली की माहितीची पुढची पाकिटं राउटरमध्ये रांग लावून उभी राहतात, आणि कॉलचा आवाज त्याच रांगेत अडकतो. मी बॅकअप रात्री दोनच्या पुढे टाकला आणि कॉल सुरळीत झाले. आता मी कंपनी बदलत नाहीये. तुझे फोन रात्री चार्जिंगला लावल्यावर काय करतात ते जरा बघ. नव्या प्लॅनमध्येसुद्धा अपलोड किती ते आधी विचार, तो आकडा बारीक अक्षरात असतो.

राहायचं ठरवलंस तरी करार आपोआप पुढे सरकू देऊ नकोस. फोन करून, नव्या ग्राहकाला जो दर देता तोच मला द्या, असं स्पष्ट सांग. मी सांगितलं आणि मिळाला, तोही पुन्हा वर्षभर न अडकता.

बदलायचं ठरवलंस तर तुझ्याच जिन्यातल्या कुणाकडे ते कनेक्शन असेल त्याला विचार, रात्री नऊला कसं चालतं म्हणून. सवलतीचा दर किती महिन्यांचा आणि नंतर किती, मध्येच सोडलं तर काय भरावं लागेल, हे लेखी घे. तू ऑफिसातून घरच्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर थेट पत्ता टाकून उघडतोस ना? मग स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा फक्त तुझ्या कनेक्शनचा पत्ता, मिळेल का ते नक्की विचार. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 च्या दरम्यान दिसला, तर तो पत्ता बऱ्याच घरांत मिळून वापरलेला असतो, आणि तुझा रेकॉर्डर बाहेरून उघडणार नाही. जुन्या कंपनीने दिलेला ईमेल बँकेत वगैरे दिला असशील तर आधी तो बदलून घे. आणि नवं कनेक्शन चार दिवस नीट चालल्यावरच जुनं तोड. राउटर परत करताना पावती घ्यायची, त्याशिवाय अनामत विसर.

शनिवारी रात्री नऊला फोन करतो, वही हाताशी ठेव. तुझे आकडे मला ऐकायचे आहेत. लेकीला आशीर्वाद सांग, आणि आज बोलताना फोटोंचा बॅकअप तेवढा बंद ठेव.

तुझा,
अविनाश