एडाच्या वाक्यांना हात न लावल्याबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

एडा ब्लॅकजॅकच्या रोजनिशीचा मराठी मसुदा तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलात. धरमपेठेतल्या आमच्या वाचनमंडळातर्फे हे जाहीर आभार.

अलास्कातल्या इनुपियाट या आदिवासी समाजाची ही बाई सप्टेंबर १९२१ मध्ये चार पुरुषांसोबत शिवणकामासाठी सैबेरियाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ रँगेल बेटावर गेली. मुलाच्या क्षयावर उपचार करायला पैसा हवा होता. जानेवारी १९२३ मध्ये तिघे मदत आणायला बर्फावरून निघाले, ते परतलेच नाहीत. मागे उरले स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, खिळलेला चौथा पुरुष लॉर्न नाइट आणि ती. जूनमध्ये तोही गेला. २० ऑगस्टला जहाज घेऊन आलेल्या हॅरल्ड नॉइसनेच पुढे वर्तमानपत्रांतून आळ घेतला, की तिने नाइटला मरू दिलं. नाइटच्या रोजनिशीतली पानंही त्याने फाडली, मजकूर खोडला.

अशा मजकुरात घोळ कुठे होतो, ते तुम्ही अचूक दाखवलंत. तारखा जोडून सलग गोष्ट केली की तिघांची वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि आरोपही घडलेल्या गोष्टीसारखा वाचला जातो. म्हणून तुम्ही तीन रकाने आखायला लावलेत: एडा, नाइट, नॉइस. एडाची रोजनिशी मार्च १९२३ पासूनची, त्याआधीचा तिचा रकाना कोराच. फाटलेल्या पानांच्या जागीही अंदाज लिहायचा नाही, फक्त ‘पान नाही’ एवढंच. तिची मोडकी वाक्यं सुधारायची नाहीत. चार पुरुषांचं काम एकट्या बाईला किती जड जातं याचा हा विचारच करत नाही, असं ती नाइटबद्दल लिहिते. तिला देवी करायच्या नादात असली वाक्यं सगळ्यात आधी गळतात. ती तुम्ही राखलीत.

स्कर्व्हीवरची तुमची टीपही मोलाची. संत्र्यांच्या नागपुरात हा आजार समजावून सांगावाच लागतो. शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करत नाही. बेटावर ते मुख्यतः ताज्या मांसातून मिळणार, जास्त शिजवलं की तेही घटतं, आणि शिकार तर दुर्मीळ. बंदूक नि सापळे एडा तिथेच शिकली. एवढं कळलं की आरोप किती पोकळ होता ते दिसतं. नाइटच्या आईवडिलांनीही तिचीच बाजू घेतली.

त्यांच्या म्हणण्यासाठी चौथा रकाना आखून ठेवला आहे. तोही तुम्हीच तपासावा, ही विनंती.

आपल्या,
वाचनमंडळातल्या सर्वजणी, नागपूर