नेट बंद असताना तक्रार 'सुटली' म्हणून बंद केल्याबद्दल

कस्टमर केअर विभाग,

नमस्कार, मी सांगलीहून लिहितेय, तुमचं 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन माझ्या घरी आहे आणि सहा महिन्यांचे पैसे मी आधीच भरलेत. जवळपास आठवडाभर नेट बंद होतं. राउटरवर 'लॉस'चा लाल दिवा सारखा लुकलुकत होता, म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नव्हता, तरी फोनवर दरवेळी एकच सांगतात, राउटर बंद करून चालू करा. लाल दिवा दिसतोय म्हटलं तरी तेच.

शेवटी तुमचा माणूस आला. जिन्यातल्या डब्याचं झाकण कधीचं निघालेलं होतं आणि आत पावसाचं पाणी साचलेलं, त्याने कनेक्टर पुसला, दिवा हिरवा झाला आणि संध्याकाळी परत लाल. त्या पोराची काही चूक नाही, नवीन डबा लागेल असं त्याने साहेबांना माझ्यासमोर फोनवर सांगितलं. पण रात्री मला मेसेज आला, तुमची तक्रार सोडवली आहे. कोणी सोडवली? मला विचारलंत का? परत फोन केला तर जुना डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) बंद झालाय, नवीन तक्रार घ्यावी लागेल म्हणाले, म्हणजे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे! माझा खरा राग ह्याच गोष्टीचा आहे, बिघाड कुणाकडेही होतो पण कागदावर तो मिटवून टाकायचा हे बरोबर नाही.

मी घरून जीएसटीचं काम करते. 20 तारखेला लोकांचे 3बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, भरायचे असतात, उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी माझ्या क्लायंटला लागते, त्यामुळे शेजारच्यांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्री बसून कसेबसे भरले.

बंद दिवसांचं नेटचं भाडं कापून द्या म्हटलं तर तुमची मुलगी म्हणाली, मॅडम तशी पॉलिसी नाहीये. अहो, ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2006 सालीच ब्रॉडबँडसाठी नियम केला की बिघाड 3 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त लांबला तर भाड्यात सूट द्यायची. ही काही कंपनीची मेहरबानी नाही, आणि ग्राहकाने मागितल्यावरच द्यायची असंही नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, माझी पहिली तक्रार त्याच जुन्या नंबरने परत उघडा, तो डबा बदला (नुसता पुसू नका), बंद दिवसांची सूट पुढच्या बिलात वळती करा आणि जे कराल ते लेखी कळवा. मी ओके म्हटल्याशिवाय तक्रार बंद करू नका.

हे नाही झालं तर तुमच्याच अपील ऑथॉरिटीकडे जाईन, त्याला फी लागत नाही आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो हे मला माहितीये. त्यांचा ईमेल तुमच्या वेबसाईटवर कुठे आहे तेही कळवा, मला सापडला नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाईनलाही नोंदवणार आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं पूर्वी सांगायचे, फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने जाता येतं असं स्पष्ट केलंय, जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

राउटरच्या लाल दिव्याचा, उघड्या डब्याचा फोटो आणि तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

तुमची एक ग्राहक, सांगली