दुय्यम पेटंटांची छाननी कडक हवी

संपादक महोदय,

औषधे महाग का, या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘पेटंट असावे की नसावे’ या वादातच अडकून पडते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारानुसार पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून किमान 20 वर्षे असते आणि त्यातली बरीच वर्षे चाचण्या व मंजुरी यांतच जातात, हे औषध कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. संशोधनाचा खर्च भरून निघावा यासाठी समाजाने ठरावीक काळ मक्तेदारी सोसावी, हा व्यवहार मला मान्य आहे. आक्षेप आहे तो मुदत संपत आली की ती दुय्यम पेटंटांच्या, म्हणजे त्याच औषधाच्या नव्या रूपांवर किंवा लहानसहान बदलांवर घेतलेल्या पेटंटांच्या, आधारे पुढे ढकलण्याला.

हे कसे घडते, ते बेडाक्विलिनच्या उदाहरणातून स्पष्ट होते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील या औषधाला अमेरिकेत 2012च्या अखेरीस मंजुरी मिळाली. त्याच्या चाचण्यांमध्ये सार्वजनिक निधीचाही वाटा होता. मूळ रेणूवरील पेटंट भारतात जुलै 2023मध्ये संपणार होते, परंतु जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारासाठी वेगळा अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027पर्यंत लांबली असती. रेणूचा क्षार करून त्यापासून गोळी बनवणे हे औषधनिर्मितीतले नित्याचे काम आहे. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन महिलांनी पेटंट दिले जाण्यापूर्वीच या अर्जाला हरकत घेतली आणि मार्च 2023मध्ये पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. त्यानंतर जेनेरिक उत्पादकांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी जागतिक खरेदीतील दर उतरले.

जिथे अशी चाळणी सैल असते, तिथे काय होते? संधिवातावरील ह्युमिरा या इंजेक्शनचे मुख्य पेटंट अमेरिकेत 2016मध्ये संपले, तरी कंपनीने भोवती उभारलेल्या शंभरहून अधिक पेटंटांमुळे तिथे स्पर्धक औषध 2023मध्ये आले. युरोपात ते 2018मध्येच मिळू लागले होते. औषध एकच, आजारही तोच; फरक होता तो कागदपत्रांच्या तटबंदीचा.

स्पर्धेने किंमत किती खाली येऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अर्थातच एचआयव्हीचे आहे. वर्षाला प्रतिरुग्ण सुमारे 10,000 डॉलर लागणारे तीन औषधांचे उपचार सिप्लाने 2001मध्ये 350 डॉलरला देऊ केले, आणि आज तो खर्च शंभर डॉलरच्याही खाली आहे. दर असे कोसळले नसते, तर आफ्रिकेतील सरकारांना लाखो रुग्णांवर उपचार सुरू करणे परवडलेच नसते.

प्रत्येक महाग औषधामागे पेटंटच असते, असे मात्र नाही. इन्शुलिनचे मूळ पेटंट 1923मध्ये टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले गेले, तरी अमेरिकेत ते अनेकांना परवडेनासे झाले. मोजकेच उत्पादक आणि अपारदर्शक खरेदीव्यवस्था यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

दुय्यम पेटंटांपुरते पाहिले, तर भारतीय कायद्याचे कलम 3(ड) अनुकरणीय आहे. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता लक्षणीय वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पेटंट देऊ नये, असे ते सांगते, आणि 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील ग्लिवेकच्या खटल्यात परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता, असा अर्थ लावला. मात्र कलम कितीही चांगले असले, तरी अर्जांच्या ढिगाऱ्यातून संशयास्पद अर्ज नेमका शोधून काढण्याचे काम बहुतेक वेळा रुग्णसंघटनाच करतात. असे असताना मार्च 2024च्या सुधारित नियमांनी पेटंटपूर्व हरकतीसाठी शुल्क लावले आणि ती विचारात घेण्यायोग्य आहे का, हे आधी ठरवण्याचा टप्पाही घातला. निरर्थक हरकतींना आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण निदान रुग्ण आणि त्यांच्या संघटनांना तरी या शुल्कातून वगळावे आणि हरकत प्राथमिक टप्प्यावरच नाकारल्यास त्याची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत.

आपला,
एक वाचक