धनुष्कोडीला जाण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रामेश्वरची तिकिटं पक्की झाली, हे फार छान झालं. आता धनुष्कोडीबद्दल, रामेश्वर बेटाच्या टोकाकडच्या वादळात उद्ध्वस्त झालेल्या गावाबद्दल, सविस्तर लिहिते. बहुतेक यात्रेकरू गाडीने थेट अरिचलमुनैच्या टोकाला जातात, अशोकस्तंभापाशी फोटो काढतात आणि परततात. वाटेतलं धनुष्कोडी गाव खिडकीतूनच मागे पडतं. तुम्ही मात्र गावाला टोकापेक्षा जास्त वेळ द्या.

हे एके काळी गजबजलेलं बंदर होतं. १९१४ साली बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल झाला आणि मद्रासची बोट मेल ही आगगाडी इथवर येऊ लागली. उतारू इथे आगबोटीत बसून सिलोनमधल्या तलैमन्नारला जात. स्टेशन, कस्टम कचेरी, टपाल कचेरी, शाळा, चर्च, सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. दोन समुद्रांच्या मधली ही चिंचोळी, जेमतेम पाण्याच्या वर असलेली वाळूची पट्टी. तिच्यावरून पाणी आरपार गेलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी उतारूंसकट बुडाली. पुढे मद्रास सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं.

रामेश्वरहून गाव साधारण १८ किमी, टोक त्यापुढे चार-पाच किमी. पूर्वी मुकुंदरायर चत्तिरमपासून पुढे वाळूतून व्हॅनमध्ये हादरे खात जावं लागे; २०१७ पासून शेवटपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे बाबांच्या कंबरेची चिंता नको. पहाटे निघा. संध्याकाळी पोलीस नाक्यावरून आत सोडत नाहीत आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढतात. सकाळी दहानंतर ऊन सोसवत नाही, कारण सावली नावालाही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आणि नाश्ता निघण्याआधीच उरका, टोप्या घ्या आणि माणशी दोन लिटर पाणी गाडीत ठेवा.

चर्चच्या भिंती नीट बघा. त्या प्रवाळाच्या दगडाच्या आहेत, चुन्यात बसवलेल्या. हा दगड सच्छिद्र असतो. खारं पाणी आत शिरतं, उन्हात सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. छप्पर कधीच गेलंय, तेव्हा भिंतीला टेकू नका आणि कमानीखाली थांबू नका. दगडाचा तुकडा पिशवीत टाकू नका. आई, टपऱ्यांवर शंख-शिंपल्यांच्या माळा असतात, तिथे कुणी प्रवाळ दाखवलं तर घेऊ नकोस. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

माणसांनी सोडलेल्या जागेत आधी मर्यादवेल शिरते. ती वाळू धरून ठेवते, मग मागून काटेरी गवत येतं. इथले लोक त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. त्याची टोकं चपलेच्या बाजूने पायात घुसतात, म्हणून बंद बूट घाला. बाबांच्या मधुमेहाच्या पायांना तर हे हवंच. आतल्या बाजूला सुरू आणि वेडी बाभूळ आहे. वेड्या बाभळीचं मला कौतुक नाही, ती इतर झाडांना जागाच ठेवत नाही.

आणि गाव पूर्ण ओसाड आहे असं समजू नका. कोळी कुटुंबं झावळ्यांच्या झोपड्यांत राहतात. ती राहू शकतात ती गोड्या पाण्यामुळे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगत राहतं. म्हणून काही फूट खणलं की गोडं पाणी लागतं. जास्त खोल गेलं किंवा जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. ही विहीर दिसली तर आवर्जून थांबा. माझ्या मते अख्ख्या धनुष्कोडीत बघण्यासारखं हेच सर्वात मोठं आहे. पाणी पिऊ नका मात्र. लोकांच्या घरांचे फोटो विचारूनच काढा.

टोकाला उत्तरेचा समुद्र उथळ, बहुधा शांत. दक्षिणेचा, मन्नारच्या आखाताकडचा, लाटांचा. दोन्ही प्रवाह तिथे एकमेकांत घुसतात आणि पायाखालची वाळू ओढली जाते. स्नान तिथे करू नका, ते रामेश्वरच्या मंदिरासमोरच्या अग्नितीर्थावर करा. प्रयागच्या संगमात सोडायची रामसेतूची वाळू मात्र इथूनच घ्या. मूठभर पुरे, आणि ती कोरड्या भागातली, नाहीतर ओलीने पुरचुंडी कुजते.

परतताना कोदंडराम मंदिर लागेल. १९६४ च्या वादळातून ते वाचलं. बाबा, दुर्बीण न्याच. जानेवारी-फेब्रुवारीत त्या वाटेवरच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. गाडीतून उतरून जवळ जायला गेलात की सगळा थवा उडतो, म्हणून रस्त्यावरूनच बघा.

मदुराई ते रामेश्वर सुमारे १७० किमी आहे. त्या दिवशी धनुष्कोडी करू नका, मुक्काम करून दुसऱ्या पहाटे जा. गाडीवाल्याशी आधीच ठरवा की गावात दीड-दोन तास थांबायचं आहे, नाहीतर तो घाई करतो.

तुमची लेक