झापला भेटलेल्या ड्रोनवाल्या मुलास

प्रिय मुला,

तुझं नाव विचारायचं त्या दिवशी गडबडीत राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र. वयाने मोठी आहे, अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

डिसेंबर २०२१. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून आमच्या झाप गावाला ड्रोनने कोरोना लसीचे ३०० डोस आले. वीसेक किलोमीटरचं अंतर, नऊ मिनिटांच्या जरा वर लागली. गाडीने चाळीस मिनिटं धरायची, तीही रस्ता धड असेल तर. तुझे साथीदार जव्हारला होते, तू इकडे उतरवून घ्यायला. मी लसीकरणाच्या टीममधली सिस्टर, ओढणी डोक्यावर घट्ट धरून उभी होते, कारण पंख्यांच्या वाऱ्याने सगळी धूळ अंगावर येत होती. पोरं ओरडत होती. एक आजी हात जोडून उभ्या होत्या. तू त्यांना म्हणालास, "आजी, थांबा, पंखे बंद होऊ देत, मग जवळ या." आणि खरंच त्यांना जवळ नेलंस, हात लावू दिलास. लस नको म्हणून दोनदा घरी परत गेलेल्या त्या आजी त्या दिवशी रांगेत उभ्या राहिल्या. त्याबद्दल पहिले आभार.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मी डबा उघडून व्हायल, म्हणजे लसीच्या छोट्या बाटल्या, मोजत होते. आइसपॅकला पाणी सुटलं होतं, बोटं गारठली होती. सगळं आमच्या रोजच्या व्हॅक्सिन कॅरिअरसारखंच, दोन ते आठ डिग्रीच्या आत राखलेलं. तू शेजारी उकिडवा बसलास आणि विचारलंस, "ताई, लसीशिवाय अजून काय काय लागतं तुम्हाला? तातडीने?"

इतकी वर्षं नोकरी केली. वरून याद्या येतात, खाली रजिस्टरं भरतो. काय लागतं हे असं शेजारी बसून मला आधी कुणी विचारलेलं आठवत नाही. मी पटकन म्हणाले, "रक्त." तू वही काढलीस. "एका पिशवीचं वजन किती?" मला सांगता आलं नाही. हजारदा हातात धरलेली वस्तू, पण कधी तोललेली नव्हती.

रक्तच का म्हणाले, ते तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका पाड्यावर बाळंतपण झालं, बाळ छान रडलं, आणि बाईचं अंगावरून जाणं थांबेना. बांबूला चादरीची झोळी बांधून चौघांनी तिला ओढ्यापार डांबरी रस्त्यावर आणलं. मी बाजूने पळत होते, एका हाताने पोट दाबून धरलेलं, दुसऱ्या हाताने सलाईनची बाटली उंच. दवाखान्यात पोचलो, पण तिच्या गटाचं रक्त तिथे नव्हतं. मागणीची चिठ्ठी घेऊन नवरा जीपने गेला. तो पिशवी घेऊन आला तेव्हा उजाडलं होतं. पिशवी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली होती त्याने. ती तासाभरापूर्वीच गेली होती. तो पिशवी कुणाच्या हातात देईना.

नऊ मिनिटं म्हटलं की मला ती पिशवी दिसते.

तुझ्या प्रश्नानंतर मी वाचायला लागले. रवांडा नावाच्या डोंगराळ देशात मुहांगा इथून २०१६ पासून ड्रोनने रक्त जातं. ड्रोन दवाखान्यावर उतरतही नाही, पॅराशूट लावलेला खोका अंगणात सोडून परत फिरतो. आपल्याकडे ऋषिकेशच्या एम्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये टिहरीला टीबीची औषधं पाठवली, चाळीसेक किलोमीटर अर्ध्या तासात. शहरालाही हे हवंच. माझा लेक ठाण्यात राहतो, हॉस्पिटल जवळ आहे, पण संध्याकाळी घोडबंदर रोडवर ॲम्ब्युलन्स नुसती सायरन वाजवत उभी असते. हृदय बंद पडलं तर शॉक मिळेपर्यंत दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. स्वीडनमध्ये ट्रोलहेटन इथे एक ७१ वर्षांचे गृहस्थ बर्फ उपसताना कोसळले, आणि ड्रोनने तीन मिनिटांच्या जरा वर वेळात शॉकचं यंत्र दारात आणून सोडलं. ते वाचले. पण तिथून एक डॉक्टर कामावर निघाले होते, त्यांनी गाडी थांबवली, छाती दाबायला घेतली, यंत्र लावलं. हा तपशील मी दोनदा वाचला. तारीखही बघ, ९ डिसेंबर २०२१, आपल्या झापच्या आदल्याच आठवड्यातली.

तुझ्या ड्रोनने पेशंट नेता येत नाही, हे मला कळतं. म्हणून रस्ता आम्ही मागतच राहणार. आणि धो धो पावसात, धुक्यात तो उडत नाही, हेही तू तेव्हाच न लपवता सांगितलंस. आमचे नेमके तेच चार महिने अडचणीचे. "त्यावर काम चालू आहे, ताई," म्हणालास. तुझा शब्द मी धरून ठेवला आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. मागच्या महिन्यात बाळांच्या वजनकाट्यावर रक्ताची पिशवी ठेवून बघितली. ३५० मिलिलिटरची भरलेली पिशवी साधारण साडेचारशे ग्रॅम भरते. दोन किलो उचलणारा ड्रोन असेल, तर डबा आणि आइसपॅक धरूनही दोन पिशव्या बसतील. वहीत लिहून ठेव.

तुझी,
झापची सिस्टर